पायडल नसलेली गाडी

“हिला पायडल कुठं हाईत?”

नवी स्कूटर अंगणात उभी राहिली आणि माझ्या सासऱ्यांनी पहिला प्रश्न हा विचारला. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. धोतराचा सोगा हातात धरून ते स्कूटरभोवती एक फेरी मारून आले, वाकून खाली बघितलं आणि तेच पुन्हा विचारलं.

“आबा, स्कूटर आहे ती,” आमचे हे म्हणाले. “बॅटरीवरची. मूठ पिळली की चालली. पायडलचं काय काम?”

“आन् बॅटरी सपली की?”

“चार्जिंगला लावायची. मोबाइलसारखी.”

“रस्त्यात सपली की?”

ह्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत मी होते.

“माझ्याकडं काय बघताय?” मी म्हटलं. “मी बॅटरीची सायकल आणा म्हणून सांगितलं होतं. तुम्ही स्कूटर आणलीत. आता उत्तरंही तुम्हीच द्या.”

माझं तोंड असंच. माहेरी आई म्हणायची, शैलाच्या जिभेला हाड नाही. सासरी येऊन ते काही उगवलं नाही.

आम्ही कासार. विट्यात घराच्या पुढच्या खोलीत आमचं बांगड्यांचं दुकान. दुकान मी बघायची, हे सूतगिरणीत कामाला, आणि मामंजींचं काम गावोगाव फिरून बांगड्या भरायचं. चाळीस वर्षं त्यांनी सायकलवर ते केलं. मागं कॅरेजला पत्र्याची पेटी, पुढं हँडलला बांगड्यांच्या माळा. परक्या बाईचा हात पुरुषानं धरायचा तर तो फक्त कासारानं, म्हणून गावोगावच्या बाया त्यांना मामा म्हणायच्या. हात एकदा दाबून बघितला की माप कळायचं. घट्टातली घट्ट बांगडी ते बोलता बोलता मनगटात चढवायचे आणि बाईला कळायचंसुद्धा नाही. भरून झालं की बाया वाकून नमस्कार करायच्या, मग मामंजी वरची एक आशीर्वादाची म्हणून फुकट घालायचे.

पण गुडघे गेले. दिवाळीच्या आधी खिंडीच्या चढाला ते सायकल आडवी टाकून रस्त्याकडेला बसले, ते एका टेंपोवाल्यानं सायकलसकट उचलून घरी आणले. हे घाबरले. म्हणाले, आबा, बास झालं आता, घरी बसा. मामंजी घरी बसले. बसले म्हणजे नुसते बसले. बोलणं बंद, दुकानात बायका आल्या तरी भिंतीकडं तोंड. दोन भाकऱ्या खाणारा माणूस अर्धीवर पाणी पिऊन उठायला लागला. कपडे अंगाला मोठे व्हायला लागले. मला भीती वाटायला लागली आणि ती मी ह्यांना स्पष्ट सांगितली, असे बसवून ठेवलेत तर म्हातारा पुढची दिवाळी बघायचा नाही.

म्हणून ही गाडी. मी सायकल म्हटलं होतं, कारण सायकल मामंजींच्या अंगवळणी होती, चढाला मोटर मदत करील एवढंच हवं होतं. पण दुकानात गेल्यावर ह्यांचं मन फिरलं. “बापानं जन्मभर पायडलच मारलं,” मला म्हणाले. “आता तरी आरामात बसू दे की गाडीवर. लायसन नको, नंबर नको, हळू पळणारी आहे.” त्यात माया होती, नाही म्हणत नाही. पण मायेबरोबर अटही होती, आणि ती त्यांनी मामंजींसमोरच घातली.

“आबा, हिच्यावर जमलं तर जमलं. एक जरी भानगड झाली तर पेटी माळ्यावर जाणार. हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही, तोल जातो. मला गिरणीत जिवाला घोर नको.”

मामंजींनी मान हलवली. म्हणाले, “एक संधी दे.” बापानं मुलाला असं म्हणावं हे मला आवडलं नाही.

पहिली फेरी ढवळेवाडीची ठरली. मोहित्यांच्या ऋतुजाचं लग्न होतं, दुपारी हळद, हळदीच्या आधी नवरीला हिरवा चुडा भरायचा. चुड्याच्या माळा मी स्वतः ओवल्या आणि ओळखायला म्हणून त्यांना लाल दोरा बांधला. करवल्यांच्या माळा वेगळ्या. पेटी स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत मस्त बसली. मी मागं बसले. सोबतीला म्हणून ह्यांनीच मला पाठवलं होतं, खरं म्हणजे पाळतीवर.

सपाटीला गाडी छान चालली. आवाज म्हणून नाही. मामंजी दर थोड्या वेळानं विचारायचे, “चालू हाय न्हवं?” खिंडीचा चढ लागला तशी ती मंदावली, मग रडकुंडीला आली. दोन माणसं, वर पेटी. शेवटी मी उतरले आणि पदर खोचून मागून चालत गेले. वर पोचेपर्यंत बॅटरीच्या रेघांतल्या अर्ध्याहून जास्त विझल्या होत्या.

“स्कूटर माझी न् पायडल तुझी,” मामंजी म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांनी अशी थट्टा केली. मी दमलेली असूनही बरं वाटलं.

मोहित्यांच्या अंगणात मांडव होता. गडीमाणसं सगळी मोटारसायकली घेऊन कुलदैवताला अक्षता ठेवायला गेलेली, घरात नुसत्या बायका. मांडवात खाली बसून नवरीची चुलत आजी, जिजी, सुपात तांदूळ निवडत होती. मामंजींनी स्कूटर कट्ट्याला टेकवली, सायकल टेकवायचे तशीच. किल्ली होती तिथंच राहिली. सायकलला कुठं किल्ली असते. उभी राहिली म्हणजे ती बंदच झाली असं त्यांनी धरलं, आणि मीही धरलं. मग त्यांनी माळा हँडलच्या उजव्या मुठीला अडकवल्या आणि घसरू नयेत म्हणून दोरीचा एक वेढा दिला. चाळीस वर्षं ते असंच करत आले होते.

नवरीची आई इंदूताई आणि मी पेटी उचलून सोप्यात नेत होतो. आमची पाठ अंगणाकडं. तेवढ्यात आवाज आला. आवाज बांगड्यांचा आला, स्कूटरला आवाज कुठला.

वळून बघते तर स्कूटर रिकामी मांडवातून चालली होती. जिजीच्या सुपाला घासून गेली, तांदूळ उडाले, मग मांडवाच्या खांबाला धडकली आणि शेवटी कडब्याच्या गंजीत घुसून आडवी झाली. मागचं चाक तिथंही फिरतच होतं. मामंजी तिला धरायला धावले असणार, ते पालथे पडले होते. आणि कट्ट्यापाशी ऋतुजा दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी.

मी पेटी तशीच सोडून मामंजींकडं पळाले. “कुठं लागलं?”

त्यांनी हात वर करून दाखवले. तळव्यांना खरचटलं होतं. एकेक बोट त्यांनी वाकवून बघितलं, दहाही बघितली, मग म्हणाले, “हात शाबूत हाईत.” माझा जीव भांड्यात पडला.

पण बांगड्या. खांबापासून गंजीपर्यंत हिरवा चुरा पसरला होता. एकही माळ धड नव्हती.

“फुटला गं बया नवरीचा चुडा,” कुणीतरी म्हणालं.

“वाढला म्हण, फुटला म्हणू नगं,” दुसरीनं तिला दटावलं. इंदूताई मटकन खाली बसल्या. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं हे आमच्याकडं सगळ्यांनाच ठाऊक, पण शब्द बदलून मनातलं थोडंच बदलतं. हळदीच्या दिवशी नवरीचा चुडा गेला म्हटल्यावर सगळ्या बाया गप्प झाल्या.

जिजी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. सूप बाजूला ठेवून ती उठली. “गाडी आपसूक पळत न्हाई. कुणाचा हात लागला?”

ऋतुजाचे ओठ हलल्यासारखे वाटले.

“माझा,” मामंजी मोठ्यानं म्हणाले. “उतरताना माझ्याच हातानं मूठ पिळली. आन् जिजी, उगा जिवाला लावून घेऊ नगा. नवरीचा चुडा ह्यात नव्हताच. ह्या करवल्यांच्या माळा. चुडा घरी देवीपुढं पुजून ठेवलाय, त्योच आणायचा इसरलो बगा.”

मी तोंड उघडलं. सकाळी मी चुडा स्वतःच्या हातानं ओवला होता आणि स्वतःच्या हातानं त्यांच्याकडं दिला होता. खात्री करायला खाली बघितलं, तर चुऱ्यातला तो लाल दोरा नेमका मामंजींच्या पायापाशी पडलेला. त्यांनी त्यावर पाय ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं. मी तोंड मिटलं. हे माझ्या हातून फार क्वचित होतं.

“इसरला?” जिजी म्हणाली. “चुडा भराय आला न् चुडाच इसरला? म्हातारचळ लागलाय व्हय मामा?”

“लागला असंल,” मामंजी म्हणाले. “पर चुडा धड हाय न्हवं? मग झालं.”

इंदूताईंनी डोळे पुसले. “देवीपुढं हाय म्हणता? खरं?”

“कासार बांगडीची खोटी शपथ घेत न्हाई, ताई. हळदीच्या आत आणतो.”

बायकांत पुन्हा बोलणं सुरू झालं. मला मात्र राग येत होता. खोटं बोलायचंच होतं तर निदान स्वतःच्या अंगाशी येईल असं कशाला? इंदूताईंचा दीर ह्यांच्याच गिरणीत होता. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट ह्यांच्या कानावर जाणार. गाडी पडली ही एक भानगड, आणि वर चुडा विसरला ही दुसरी. पेटी माळ्यावर जायला आणखी काय लागतं?

पण आधी दुकानातून दुसरा चुडा आणायचा होता. आम्ही चौघी बायांनी मिळून स्कूटर गंजीतून ओढली तेव्हा कुठं ती बाहेर आली. अशी जड. पुढचा दिवा फुटला होता, बॅटरीची एकच रेघ पेटत होती. चार्जिंगला लावावी तर गावात लाईट नाही, येणार चारला. मोटारसायकली सगळ्या देवाला गेलेल्या. एसटी दुपारनंतर.

“मामा, माझी सायकल न्या,” ऋतुजा म्हणाली. तेव्हापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. गोठ्याकडं गेली आणि उंबऱ्यावरून एकटीनं उचलून सायकल बाहेर घेऊन आली. पुण्याच्या मामानं तिला कॉलेजला जायला घेऊन दिलेली, बॅटरीची. बारकी बॅटरी नळीला लावलेली, मागं कॅरेज नाही, आणि पायडलं होती.

मामंजी तिच्याभोवती फिरले. पायडलावर पाय ठेवून बघितला.

“हिची पण मूठ पिळायची?”

“न्हाई मामा, ह्या सायकलला ती मूठच न्हाई. तुम्ही पायडल मारा, मग मोटर मागनं जोर लावती. तुम्ही थांबला की ती थांबली. ब्रेक दाबला तरी बंद.”

“म्हंजे मी पाय हलवल्याबिगर ही जाग्याची हलत न्हाई?”

“न्हाई.”

“आन् बॅटरी सपली तर?”

“तर साधी सायकल. जरा जड जाती, एवढंच.”

“माणसाला इच्यारून चालती म्हण की,” मामंजी म्हणाले. धोतर खोचलं, ऋतुजाचा हात हातात घेऊन पंजा एकदा दाबून बघितला, माप घेतलं आणि निघाले.

मी मागं जाऊ शकत नव्हते, दुसऱ्याला बसायला जागाच नव्हती. वळणावर ते दिसेनासे झाले आणि मला खिंडीचा चढ आठवला. जाताना चढ, येताना पलीकडूनही चढच. दिवाळीच्या आधी गेलेले गुडघे अजून तेच होते. आपण सोबतीला असून म्हाताऱ्याला एकटं पाठवलं, रस्त्यात पडले तर ह्यांना काय तोंड दाखवू, असं मनात यायला लागलं. मी झाडू घेतला आणि चुरा गोळा करायला लागले. लाल दोरा आधी उचलून कमरेला खोचला.

ऋतुजा माझ्या शेजारी येऊन बसली. सूप धरायचं निमित्त करून हळूच म्हणाली, “काकी, मामांनी मूठ न्हाई पिळली.”

“मग?”

“मी माळ ओढली. रंग बघायला. दोरी मुठीला गुंडाळली हुती, ती सुटंना, म्हणून जोरात ओढली. आन् गाडी गेली.” तिनं गंजीकडं बघितलं. “मामांनी बघितलं. मी सांगणार हुते, तर मामाच बोलले.”

मी झाडू खाली ठेवला.

आता सगळं कळलं. नवरीनं हळदीच्या दिवशी आपल्या हातानं आपला चुडा फोडला, ही गोष्ट जिजीच्या हाती लागली असती तर मांडवातच बोभाटा झाला असता. मग ती पोरीच्या सासरी गेली असती. आणि पुढं तिथं कुणाला ताप जरी आला असता तरी बोट हिच्याकडं. मामंजींनी चाळीस वर्षं घरोघरी बायकांचे हात धरून त्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. अशा एका गोष्टीनं बाईचा जन्म कसा जातो हे त्यांना मी सांगायला नको होतं. म्हणून त्यांनी सगळं आपल्यावर घेतलं, पडणंही आणि विसरणंही. मुलानं नेमकी तीच दोन कारणं काढून पेटी माळ्यावर टाकायची अट घातली होती.

“काकी, मी जिजीला सांगू?” ऋतुजानं विचारलं.

“काही सांगायचं नाही,” मी म्हटलं. “कासार चुडा विसरला. ऐकलंस ना तू पण?”

ती रडायला लागली. बायकांना वाटलं, माहेर सुटणार म्हणून रडतेय.

उन्हं मांडवात शिरली. हळकुंडं कांडून झाली. जिजी दोनदा म्हणाली, “म्हातारा येतोय कशाचा,” आणि दोन्ही वेळा मी तिला उत्तर दिलं नाही, हेही माझ्या हातून पहिल्यांदाच घडलं. रस्त्यापर्यंत जाऊन आले, परत आले. इंदूताईंनी चहा दिला तो तसाच गार झाला. माझ्या डोळ्यांपुढं खिंड होती आणि खिंडीत आडवी पडलेली सायकल होती.

मग घंटी ऐकू आली. सायकलची घंटी, सारखी वाजत होती, लहान पोरं वाजवतात तशी. मी उठून धावले. मामंजी वळणावरून येत होते. घामानं सदरा भिजलेला, पण पाठ ताठ, दोन्ही पाय फिरतायत, आणि हँडलला हिरव्या माळा. दोरीचा मुठीला एक वेढा दिलेला.

“गुडघे?” मी विचारलं.

“हाईत जाग्यावर. चढाला मागनं कुणीतरी हात लावून ढकलतंय असं वाटतंय गं. मी दोनदा मागं वळून बगितलं.”

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, “चला, बाया वाट बघतायत.”

पाटावर बसून त्यांनी ऋतुजाचा हात मांडीवर घेतला. मी शेजारून बांगड्या देत होते. एकेक बांगडी चढत गेली, एकही वाढली नाही. तळवे खरचटलेले होते पण बोटं नेहमीसारखी चालत होती. सगळा चुडा भरून झाल्यावर ऋतुजा नमस्काराला वाकली ती लवकर उठेना. मामंजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“ऊठ पोरी,” म्हणाले. “हात भरल्यात. आता मागचं बोलू नगं.”

वरची आशीर्वादाची बांगडी घालून ते उठले.

निघताना ऋतुजानं सायकल परत घेतली नाही. म्हणाली, आज तरी घेऊन जा, मला काही आता तिच्यावर बसायचं नाही. मग स्कूटर कोण नेणार? लाईट आल्यावर थोडी चार्जिंग झाली होती. शाळेत असताना मी सायकल चालवलेली, तेवढ्या भांडवलावर मी स्कूटरवर बसले. पायाशी पेटी. मामंजी पुढं सायकलवर.

खिंडीचा अर्धा चढ झाला आणि स्कूटर थांबली. मूठ पिळली, काही नाही. रेघा सगळ्या विझलेल्या. उतरले आणि ढकलायला लागले. ढकलतेय तर ती हलायला तयार नाही, घोरपडीसारखी रस्त्याला चिकटलेली. मामंजी पुढं जाऊन वळून आले, माझ्याभोवती एक गिरकी मारली आणि घंटी वाजवली.

“शैला, हिला पायडल असती तर बरं झालं असतं का न्हाई?”

“मामंजी, आत्ता बोलू नका.”

“मी काय म्हणलो, इच्यारलं फकस्त.”

मी थांबून दम घेतला. “मामंजी, मला पोरीनं सांगितलं.”

ते सायकलवरून उतरले. “तुला सांगितलं तेवढं बास,” म्हणाले. “तिथंच ठेव.”

“आणि घरी? ह्यांना काय सांगायचं?”

“काय सांगायचं त्यात. जे मांडवात सांगितलं तेच. दोन्हीकडं एकच सांगावं, मग इसरायची भीती न्हाई.”

“म्हणजे पेटी माळ्यावर.”

त्यांनी पेटीकडं बघितलं. “जाऊ दे गेली तर. शेवटचा चुडा चांगला भरला.”

असं म्हणाले आणि स्कूटरला मागून हात लावला.

तेवढ्यात वरून मोटारसायकल येताना दिसली. मित्राच्या मागं बसून हे येत होते. शेजाऱ्यानं त्यांना गिरणीतून आल्या आल्या सांगितलं होतं, तुझा बाप दुपारी कुणाच्या तरी सायकलवरून सुसाट आला नि सुसाट गेला. ते उतरले. आधी आम्हाला बघितलं, मग स्कूटरचा फुटलेला दिवा बघितला आणि चेहरा बदलला.

“दिवा कसा फुटला? आबा, गाडी पाडलीत तुम्ही?”

मामंजींनी तोंड उघडलं.

“मी पाडली,” मी म्हटलं.

हे माझ्याकडं बघायला लागले. मामंजीही.

“उतरले आणि किल्ली काढली नाही. कट्ट्यापाशी माझा हात मुठीला लागला. गाडी गेली गंजीत. आणि नवरीचा चुडा पण घरीच राहिला, तो मी द्यायला विसरले. मामंजी बिचारे ह्या वयात माघारी जाऊन घेऊन आले. वर मला बोल लागू नये म्हणून मांडवात सगळं आपल्याच नावावर घेतलं. त्यांच्यामुळं आज कासाराची अब्रू राहिली. काय बोलायचं ते मला बोला.”

“तू विसरलीस?” ह्यांचा विश्वास बसेना. “तू?”

“माणूस आहे मी. विसरले.”

ह्यांना मला बोलायचं होतं, पण माझ्याशी भांडण काढून कुणाचं भलं झालंय. ते मामंजींकडं वळले. “आबा, खिंड चढून गेलात तुम्ही? सायकलनं?”

“गेलो की. आन् आलो.”

“गुडघे?”

मामंजींनी धोतर खोचलं, सायकलवर बसले आणि उरलेला चढ चढायला लागले. हे रस्त्यात उभे राहून बघत राहिले. मामंजींचे पाय सावकाश, एका लयीत फिरत होते. खिंडीच्या तोंडाशी जाऊन ते थांबले, उतरले नाहीत, एक पाय टेकवून मागं बघितलं आणि घंटी वाजवली.

“पेटी?” मी ह्यांना विचारलं.

“पेटीचं काय?” ह्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि स्कूटरचं हँडल धरलं. “ढकल मागून. काय जड आहे ही.”

पुढं लग्न झाल्यावर मोहित्यांशी बोलून आम्ही अदलाबदल केली. सायकल आम्हाला, स्कूटर इंदूताईंना. पायाजवळच्या जागेत त्यांचं दुधाचं कॅन बरोबर बसतं आणि डेअरी गावातच आहे, वाटेत चढ नाही. सायकलला मागं पेटीसाठी कॅरेज बसवलं आणि मामंजींनी पुढची पाच वर्षं तिच्यावर गावं केली. हल्ली ती मी चालवते, माळा तशाच हँडलला अडकवते. ऋतुजाची मुलगी आता पहिलीला जाते आणि तिला बांगड्या मीच भरते. परवा ऋतुजा स्वतःच म्हणाली, काकी, आता सांगा बिनधास्त, माझ्या सासूला पण मी सांगून टाकलंय. म्हणून सांगितलं. ह्यांना मात्र मी अजून सांगितलेलं नाही. हे ऐकतील तेव्हा ऐकतील.

त्या हळदीच्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी करत होते आणि मामंजी चुलीपाशी जेवायला बसले होते. हे बाहेर स्कूटर चार्जिंगला लावत होते. मामंजी खालच्या आवाजात म्हणाले, “एवढं खोटं बोलायला कुठं शिकलीस गं?”

“ह्याच घरात,” मी म्हटलं. “आजच.”

ते हसले, खांदे हलेपर्यंत हसले. मग ताट पुढं केलं. ताटातली भाकरी केव्हाच संपली होती.

“अजून एक वाढ,” म्हणाले. “पुरी वाढ, अर्धी नगं.”